डावीकडचं वळण

९ जानेवारी

दादा,

पाकीट फोडलंस, हेच खूप झालं. आता घाबरू नकोस, हे पत्र समेटासाठी नाही. मला एक माहिती हवी आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाकडे नाही. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान वाजून-वाजून बंद तरी होत नाही.

विषय तुझ्या लाल ट्रकचा आहे. तोच, रिमोटवाला, माळ्यावर खोक्यात होता तो. मी तो शाळेत न्यायला काढला. सातवीला घर्षण शिकवायचं होतं, आणि फळ्यावर बाण काढून शिकवलेलं घर्षण मुलांच्या डोक्यावरून घसरून जातं असं माझं मत आहे. गाडी फरशीवर चालवायची, मग वाळूवर, मग ओल्या पोत्यावर, आणि पोरांनीच सांगायचं काय बदललं ते. हसू नकोस. घरातली पहिली पदवीधर आहे मी, एवढं मनातलं करून बघायचा मला हक्क आहे.

बॅटरी फुगली होती. ट्रक जेवणाच्या टेबलावर ठेवून मी नवी बॅटरी बघायला दुकानात गेले. परत येऊन बघते तर आबा ट्रक उघडून बसलेले. मी दारातच थांबले, चप्पल काढायचीसुद्धा राहिली. ज्यांनी या गाडीला 'पोरखेळ' याखेरीज दुसरं नाव कधी दिलं नाही, ते आपले आबा चष्मा कपाळावर सारून गिअरमधली माती ब्रशनं काढत होते. ब्रश आईचा, दात घासायचा. ते तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि मग बराच वेळ घरात दुसरा विषय नव्हता.

"हे कुणी असं बांधून ठेवलंय?" आबांनी विचारलं.

"दादानं," मी म्हणाले.

हा शब्द या घरात मोठ्यांदा उच्चारला गेला, त्याला वर्षं झाली. मला वाटलं, आता उठून जातील. ते उठले नाहीत. स्क्रूच्या छोट्या डब्या एकेक करून उघडून बघत राहिले आणि म्हणाले, "नीट ठेवलंय."

आबांच्या तोंडून 'नीट' म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको.

तर आता ते दर रविवारी माझ्याबरोबर जुन्या मंडईच्या पार्किंगमध्ये येतात. मंडई बंद पडली, पार्किंग तसंच आहे. तिथं गाड्या चालवणाऱ्यांचा एक अड्डा आहे. लाल शंकू मांडून ट्रॅक आखतात. एक शिंपीकाका सगळ्यांचे पुढारी आहेत. दातांचे एक डॉक्टर आहेत, देहानं धिप्पाड, आणि त्यांची गाडी तळहाताएवढी.

माहिती हवी ती अशी. आबांचा हात चांगला आहे, उजवीकडची वळणं ते लोण्यातून सुरी काढावी तशी काढतात. पण ट्रॅकच्या डाव्या टोकाला गेलं की गाडी हटकून भिंतीवर जाते. हे कशानं होतं? गाडीत काय तपासू? एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस, लिहायचं नसेल तर.

भिंगरी

३० जानेवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. "आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. ट्रिम बघ. सर्वो एक दात सरकला असेल." ना 'प्रिय' ना 'तुझा'. औषधाच्या बाटलीवर याहून जास्त जिव्हाळ्याचं लिहिलेलं असतं. पण आलं.

मी ते टेबलावर मुद्दाम विसरले. संध्याकाळी पाहिलं तर कार्ड आबांच्या खोलीत, दिव्याच्या बटणांच्या वर, चिकटपट्टीनं भिंतीला लावलेलं. आई म्हणाली, "मी नाही लावलं." आबा म्हणाले, "सूचना आहेत त्यावर. समोर असाव्यात."

सूचना आम्ही अक्षरशः पाळल्या. ट्रिमचं चाक, म्हणजे गाडी एका बाजूला ओढू नये म्हणून रिमोटवर असतं ते, किंचित उजवीकडे सरकवलं. सर्वो उघडला, खरंच एक दात सरकलेला होता. (शिंपीकाकांनी सर्वो म्हणजे काय हे मला फार छान सांगितलं: रिमोटवर तुझं बोट हलतं आणि गाडीत त्या बोटाचा जुळा भाऊ हलतो, तो सर्वो. हे मी वर्गात जसंच्या तसं वापरलं.) दात जागेवर आणला, पुढचे टायर बदलले, आणि रविवारी गाडी डाव्या टोकाला जाऊन भिंतीवर आदळली.

मग डॉक्टर म्हणाले, गाडीत काही नाही, ही सगळ्या नवशिक्यांची चूक आहे. गाडी आपल्यापासून लांब जाताना तिचं उजवं ते आपलं उजवं. तीच वळून आपल्याकडे यायला लागली की सगळं उलटं. बोटाला ते कळायला वेळ लागतो. मीही यात पहिले दोन-तीन रविवार भिंती रंगवल्या. डॉक्टरांचा सल्ला असा, की गाडी समोरून येत असेल तर मनानं तिच्यात जाऊन बसायचं. मला ही गोष्ट फार आवडली. दुसऱ्याच्या जागी बसून बघायला शिकवणारा खेळ आहे हा, आणि लोक याला वेळ घालवणं म्हणतात.

"मी जन्मभर गाडीत बसूनच चालवलीये," आबा म्हणाले. "मला कसलं मनानं बसायला सांगता?"

"मग भिंतीत काय काम आहे तुमचं?" शिंपीकाका म्हणाले. "शाळेच्या पोरांची बस चालवता रोज, आणि खेळण्याला भिंत दाखवता. पोरांच्या आयांना कळलं तर आमच्याकडं येतील."

सगळे हसले. मीही हसले. आबांचे कान लाल झाले. तुला माहीत आहे, शाळेनं दिलेलं ते सन्मानचिन्ह, 'इतक्या वर्षांत एकही ओरखडा नाही' असं लिहिलेलं, आई रोज पुसते. घरी येताना वाटेत ते एवढंच म्हणाले, "पुन्हा लिही त्याला. गाडीतच आहे काहीतरी."

'त्याला' म्हणाले, दादा.

तर लिहिते आहे. अजून काय तपासू?

भिंगरी

१६ फेब्रुवारी, रविवार संध्याकाळ

दादा,

तुझ्या दुसऱ्या कार्डाची वाट न बघता लिहिते आहे. आता कार्ड नको.

आज शर्यत होती. तिथला एक नियम तुला माहीतच असेल: आपली फेरी संपली की पुढच्या फेरीला आपण ट्रॅकवर उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. मोठा-लहान, हरलेला-जिंकलेला, सगळ्यांना हेच. डॉक्टरांची फेरी संपली होती, ते डाव्या टोकाला उभे होते. पिवळं जाकीट घातलेलं. त्यांच्या पायाजवळ एक गाडी उलटली, ते ती उचलायला खाली बसले. आबांचा ट्रक सुसाट येत होता.

असं झालं की सगळेच वेग सोडतात. बोट आपोआप सुटतं. आबांनी सोडला नाही. वाढवला, कारण त्यांच्या लेखी पुढं मोकळा रस्ता होता. ट्रक डॉक्टरांच्या मनगटावर बसला. हाड मोडलं नाही, पण ज्या हातानं ते लोकांचे दात काढतात तो हात टम्म सुजला.

सगळे धावले. आबा जागेवरच उभे. रिमोट हातात. चेहऱ्यावर राग नाही, अपराध नाही, नुसतं आश्चर्य. आणि ते म्हणाले, "तिथं कुणी नव्हतं."

मी हे वाक्य आधी ऐकलं आहे, दादा. तूही ऐकलं आहेस. आपल्या फाटकाच्या डाव्या बाजूला तुझी मोटरसायकल, तिच्यावरून गेलेली आपली जुनी व्हॅन, आणि व्हॅनमधून उतरलेले आबा: "तिथं काही नव्हतं." तू म्हणालास, "डोळ्यांनी बघून घातलीत. मी बाहेरगावी जाऊ नये म्हणून." ते म्हणाले, "मी गाडी मागं घ्यायला लागल्यावर तू ती आणून ठेवलीस." तू म्हणालास, "म्हणजे मी खोटारडा?" मग ते म्हणाले की आजपासून मला एकच मुलगी. मग तू बॅग भरलीस.

एवढी वर्षं आपण सगळे एकच कोडं सोडवत होतो, की दोघांपैकी खोटं कोण बोललं.

मी ट्रक उचलला आणि रिकाम्या ट्रॅकवर चालवून बघितला. डावीकडं, उजवीकडं, भिंतीलगत. दोरी धरावी तसा सरळ गेला. गाडीत काही नाही, दादा. पहिल्यापासून नव्हतं. आपण ट्रिम बघितली, सर्वो बघितला, टायर बदलले. गाडी चालवणाऱ्याकडं बघायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी मुलांना निरीक्षण शिकवते.

मी तिथंच एका उलट्या खोक्यावर बसले. कारण मग बाकीचं एकदम दिसलं. उद्या सोमवार. उद्या सकाळी आबा पोरांनी भरलेली बस घेऊन निघणार आणि प्रत्येक थांब्यावर मुलं डावीकडूनच चढतात.

घरी आल्यावर मी बोलले. सरळ बोलले, तू मला नेहमी म्हणायचास तसं, वाटेत काटा असला तरी नाकासमोर. "आबा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

ते चहा बशीत ओतत होते. एक थेंब सांडला नाही. "वर्षाच्या वर्षाला तपासणी होते शाळेत. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो मी, चष्म्याशिवाय. तुझ्या वर्गातली पोरं वाचतील का?"

"ती अक्षरं समोर असतात, आबा. मी बाजूचं म्हणते."

"मास्तरीणबाई, माणसाला दिसत नसेल तर त्याला अंधार दिसेल ना? मला कुठं अंधार दिसतो?"

आई मध्ये पडली. मला आत नेऊन म्हणाली, "यांच्या अंगातून ती बस काढलीस तर राहील काय, सांग मला. दोनच वर्षं उरलीत निवृत्तीला. डॉक्टर खाली बसले होते, नसतील दिसले. तू एवढीशी गोष्ट शाळेपर्यंत नेऊ नकोस."

"आई, आणि उद्या तिथं डॉक्टरांच्या जागी पहिलीतलं पोर असलं तर?"

पोळपाट धुतलेला होता, तो आईनं पुन्हा धुतला.

मी काय करणार ते ठरवलं आहे. उद्या सकाळी बस निघायच्या आधी मी शाळेच्या आवारात जाणार, ट्रक घेऊन. शाळेला सांगण्याआधी आबांना स्वतःला कळायला हवं. माझं ऐकून नाही, त्यांनी स्वतः बघून. आणि नाहीच पटलं त्यांना, तर मी बससमोर उभी राहीन, उजव्या बाजूला, म्हणजे दिसेन. हा विनोद मी केला आहे आणि मला तो अजिबात हसू आणत नाही.

भिंगरी

१७ फेब्रुवारी

दादा,

क्रमानं सांगते, नाहीतर सगळं एकात एक मिसळेल.

आवारात पोचले तेव्हा आबा बसची काच पुसत होते. बसमधली मावशी, मुलांना हात धरून चढवते ती, डावीकडच्या पहिल्या सीटवर पिशवी ठेवत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, "मावशी, तुम्ही नेहमी इथंच बसता?"

"इथंच. तुझे आबा विचारतात ना सारखं, 'डावीकडं कोण आहे?' मग मी सांगते, सायकल आहे, कुत्रं आहे, पोरगी आहे. आमचं जमलंय आता. काय सावध माणूस गं."

"कधीपासून विचारतात?"

"झाली की वर्षं. या महिन्यानंतर मी सुटले, लेकीकडं जाणार. नव्या बाईला शिकवायला लागेल बघ."

एकही ओरखडा नाही, तो असा. त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या सवयीला ठाऊक होतं.

मी आबांना बसपासून लांब, मोकळ्यात उभं केलं. ते रागावलेलेच होते, पण मावशीसमोर तमाशा नको म्हणून आले. मी ट्रक बराच लांब डावीकडं नेऊन ठेवला आणि रिमोट त्यांच्याच हातात दिला.

"समोर फाटक आहे, त्याच्या कडीवरून नजर हलवायची नाही. गाडी तुम्हीच चालवा. हळू, सरळ, स्वतःकडं आणा. डोळ्यांच्या कडेला दिसली की 'दिसली' म्हणा."

"पोरखेळ," आबा म्हणाले. पण नजर कडीवर लावली. शब्दाला पक्के आहेत ते. कडीकडं बघायचं म्हटलं की कडीकडंच.

ट्रक निघाला. मोटरीचा आवाज आवारभर ऐकू येत होता. मी बघत होते: गाडी येते आहे, जवळ येते आहे, मावशीलाही दिसते आहे, आणि आबा शांतपणे कडीकडं बघताहेत.

"आवाज येतोय," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "कुठंय ती? बंद पडली का?"

ट्रक त्यांच्या डाव्या बुटाला येऊन टेकला. चाकं बुटाला घासत फिरत राहिली. तेव्हा त्यांनी खाली पाहिलं.

मी ट्रक उचलून उजवीकडं नेऊन ठेवला. तो जेमतेम हलला तोच आबा म्हणाले, "दिसली." मग त्यांनी मला हातानं थांबवलं. स्वतः चालत जाऊन ट्रक उचलला, स्वतः डावीकडं ठेवला, परत जागेवर आले आणि कडीकडं बघत पुन्हा आणला. आणि पुन्हा. गाडी दर वेळी बुटाला येऊन टेकत होती. मला वाटलं होतं, ते चिडतील, रिमोट फेकतील. त्यांचा चेहरा काल ट्रॅकवर होता तसाच होता. आपल्या घरात राहणाऱ्या माणसाला तिथं आणखी एक खोली असल्याचं कळावं, आणि ती कायमची बंद असावी, तसा.

"अंधार नाही दिसत गं," ते म्हणाले. "काहीच दिसत नाही. आणि काहीच दिसत नाही हेसुद्धा कळत नाही."

मावशी तोंडावर पदर धरून उभी होती.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मोटरसायकल तिथंच होती ना?"

"हो, आबा."

"आधीपासून."

"हो."

त्यांनी मान हलवली. फाटकाच्या बाहेर मुलांचे आवाज यायला लागले होते. आबांनी वाकून आधी ट्रकचं बटण बंद केलं, मग रिमोटचं. तुझ्या सूचनेप्रमाणं. खिशातून बसची किल्ली काढली आणि सरळ मुख्याध्यापिकांच्या खोलीकडं गेले. मी मागं निघाले तर म्हणाले, "तू थांब. माझी बस आहे, मी सांगतो."

आज मुलांना दुसऱ्या ड्रायव्हरनं नेलं. पहिलीतला एकजण खिडकीतून ओरडत होता, "आबा, तुम्ही आज बसच्या बाहेर कसे?" आबा हात हलवत उभे राहिले, बस वळेपर्यंत. बस डावीकडं वळली. त्यांनी पूर्ण मान वळवून पाहिली.

भिंगरी

२१ फेब्रुवारी

दादा,

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. काचबिंदू आहे. समोरची नजर शाबूत ठेवून कडेकडेनं खात आला आहे, डाव्या बाजूचं जवळजवळ सगळं गेलं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं रोज थेंब घालून राखायचं. सुरुवात कधी झाली असेल असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरीच वर्षं झाली असणार, हा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही.

घरी आल्यावर आईनं सन्मानचिन्ह पुसलं आणि होतं तिथंच ठेवलं. मला वाटलं होतं, ते आता कपाटात जाईल. आई म्हणाली, "का? खोटं आहे का ते?"

शिंपीकाका आणि मनगटाला पट्टी बांधलेले डॉक्टर काल घरी आले होते. ट्रॅक उलटा आखायचा म्हणतात. चालवणाऱ्यांची जागा डाव्या टोकाला न्यायची, म्हणजे सगळा ट्रॅक आबांच्या उजव्या हाताला येतो. "इतरांना जड जाईल," आबा म्हणाले. "जाऊ दे की," शिंपीकाका म्हणाले, "नाहीतरी उजवी वळणं तुमच्याइतकी कुणाला जमतात? आता आमच्या गाड्या भिंतीवर." आबांनी अजून हो म्हटलेलं नाही. पण टायर धुऊन वाळत घातले आहेत.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते.

डॉक्टरीणबाई कागदावर माहिती भरत होत्या. मान वर न करता त्यांनी आबांना विचारलं, "मुलं किती?"

मी त्या खुर्चीशेजारी उभी होते. आई छताकडं बघायला लागली.

"दोन," आबा म्हणाले. थांबले नाहीत, खाकरले नाहीत. "मोठा मुलगा. तो बाहेरगावी असतो. आणि ही."

"दोघांनाही तपासून घ्या. हा घराण्यात उतरतो."

"हिला आजच बघा," आबा म्हणाले. "त्याला मी सांगतो."

माझे डोळे ठीक आहेत. तुझे तपासून घे, दादा. या आठवड्यात. अक्षरं वाचून नाही, कडेचं बघायला लाव, तसं सांग त्यांना. तू यंत्रांवर काम करतोस, तुझ्या डाव्या बाजूला काय काय फिरत असेल याचा मी चार दिवस विचार करते आहे.

पत्र बंद करायला घेतलं तर आबा म्हणाले, थांब, मी सांगतो म्हटलं होतं ना. पेन घेऊन बसले आहेत. बराच वेळ झाला. एकच ओळ झाली आहे. मी वाचली नाही, पण कागद माझ्या उजव्या हाताला होता आणि मला कडेचंही चांगलं दिसतं:

"ती तिथंच होती. डोळे दाखवून ये, मग घरी ये."